शोक असूनही आशा

ग्वाल्हेर हे समाध्यांचे शहर आहे. लष्कर भागात शिंदे घराण्याच्या छत्र्या उभ्या आहेत. फुलबागेजवळ झाशीच्या राणीची समाधी आहे. महंमद घौस यांच्या भव्य कबरीशेजारी तानसेन विसावला आहे. मुरारच्या जुन्या छावणीत गोऱ्या अंमलदारांच्या आणि त्यांच्या बायकामुलांच्या कबरी आहेत. मराठीचे राजकवी भा. रा. तांबे यांनी याच शहरात आयुष्याचा उत्तरार्ध घालविला, मृत्यूकडे भयाने न पाहता स्नेहाने पाहणारी गीते लिहिली, आणि १९४१ साली येथेच देह ठेवला. इतक्या स्मारकांच्या सान्निध्यात वावरणाऱ्या माणसाला एक प्रश्न केव्हातरी पडतोच. मेलेल्याची समाधी बांधता येते. पण मागे उरलेल्याने काय करावे? त्याने कशाच्या आधारावर उद्याचा दिवस काढावा?

या प्रश्नाला प्रत्येक धर्माने आपापल्या परीने उत्तर दिलेले आहे. ख्रिस्ती धर्माचे उत्तर पुष्कळदा फार सोपे करून सांगितले जाते. ‘श्रद्धा ठेवा, म्हणजे दुःख नाहीसे होईल’ असे त्याचे रूप लोकांच्या कानी पडते. वस्तुतः ते उत्तर इतके सोपे नाही, आणि ग्वाल्हेरच्याच इतिहासातील एक प्रसंग त्याची साक्ष देतो.

१८५७ च्या आरंभी जॉर्ज विल्यम कूपलंड नावाचे एक तरुण पाद्री कंपनी सरकारचे धर्मोपदेशक म्हणून मुरारच्या छावणीत आले. सोबत त्यांची नवविवाहित पत्नी रूथ होती. १४ जूनच्या रात्री ग्वाल्हेरच्या पलटणी उठल्या आणि त्या धामधुमीत कूपलंड मारले गेले. रूथ त्या वेळी गर्भवती होती. छावणीतील इतर विधवांबरोबर तिला एका मुसलमान नोकराने आपल्या झोपडीत दडविले. शिपायांनीही स्त्रियांवर हात टाकण्याचे नाकारले, आणि अपार हाल सोसून या स्त्रिया चंबळ ओलांडून आग्र्याला पोहोचल्या. आग्र्याच्या किल्ल्यात रूथला मुलगा झाला. त्या मुलाने बापाचे तोंड कधीच पाहिले नाही.

विलायतेस परतल्यावर तिने १८५९ साली या सर्व प्रसंगांचे पुस्तक प्रसिद्ध केले. तिचा नवरा धर्मोपदेशक होता. तिच्या हाती प्रार्थनेचे पुस्तक होते आणि स्तोत्रे तिला लहानपणापासून परिचित होती. असे असूनही तिच्या लिखाणात ठिकठिकाणी सूडाची आग धगधगते. ज्या नोकराने तिला दडविले तोही हिंदी होता, ही गोष्ट तिने नमूद केली आहे. पण क्रोधाच्या लोंढ्यात तिचे मोल तिला राहिले नाही. तिला दोष देणे सोपे आहे. अवघ्या काही महिन्यांच्या संसारानंतर जिचे सारे लुटले गेले, तिच्या लेखणीकडून समतोलाची अपेक्षा कोणी करावी? शिवाय वर्षभराने त्याच ग्वाल्हेरच्या भूमीवर राणी लक्ष्मीबाई धारातीर्थी पडली, आणि दामोदर हे तिचे दत्तक बालक रानोमाळ भटकू लागले. दुःख दोन्ही पक्षांच्या घरी सारखेच शिरले होते. रूथच्या कहाणीतून घेण्यासारखा बोध इतकाच, की धर्म ठाऊक असणे आणि शोकात त्याचा आधार सापडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. श्रद्धा हा काही ताईत नव्हे, की तो दंडात बांधला म्हणजे दुःखाची बाधा होत नाही.

मग ख्रिस्ती माणूस ज्याला आशा म्हणतो ती नेमकी कोणती?

गीतेचा उपदेश मराठी माणसाच्या रक्तात भिनलेला आहे. आत्मा अविनाशी आहे, देह वस्त्राप्रमाणे बदलतो, म्हणून शहाण्याने शोक करू नये, असा त्या उपदेशाचा रोख आहे. शुभवर्तमानाची वाट याहून निराळी आहे. बेथानी गावात लाजर नावाचा येशूचा एक मित्र वारला. चार दिवसांनी येशू तेथे गेला. आपण या मित्राला उठविणार हे त्याला ठाऊक होते, असे योहान सांगतो. आणि तरीही त्याच्या बहिणींचे रडणे पाहून येशूच्या डोळ्यांना पाणी आले, हेही तोच योहान सांगतो. ही गोष्ट ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्याशी आहे. शेवट गोड होणार हे जाणणाराही रडला. म्हणजे अश्रू हे अज्ञानाचे लक्षण नव्हे, आणि अश्रद्धेचे तर नव्हेच. पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीला लिहिताना शोक करू नका असे म्हटलेले नाही. आशा नसलेल्या माणसांसारखा शोक करू नका, एवढेच त्याचे सांगणे आहे. शोकाला त्याने मज्जाव केला नाही. त्याला एक सोबती दिला.

दुसरी गोष्ट वधस्तंभाची. देवाने आपल्याला का टाकले, असा आक्रोश त्या वधस्तंभावरून येशूनेच केला. शोकाकुल माणसाच्या मनात जो प्रश्न येतो आणि जो उच्चारण्याची त्याला भीती वाटते, तोच प्रश्न ख्रिस्ती धर्माच्या अत्यंत पवित्र स्थळी उच्चारला गेला आहे. त्यामुळे मुलाच्या शवापाशी बसून एखाद्या आईने देवाला जाब विचारला, तर ती धर्माबाहेर जात नाही.

आणि तिसरी गोष्ट मधल्या दिवसाची. उत्तम शुक्रवारी मृत्यू आणि रविवारी पुनरुत्थान, हे दोन दिवस सर्वांच्या ध्यानात राहतात. मधल्या शनिवारी काय घडले? त्या दिवशी काहीच घडले नाही. शिष्य दारे लावून बसले. स्त्रियांनी सुगंधी द्रव्ये तयार ठेवली आणि शब्बाथ पाळला. कोणालाही रविवारची कल्पना नव्हती. ज्यांच्या घरी मृत्यू झाला आहे अशी बहुतेक माणसे या शनिवारातच राहत असतात. जे गेले ते गेले, आणि पुढचे अजून आलेले नाही. ख्रिस्ती आशेचे म्हणणे असे, की हा शनिवार खरा आहे, लांब आहे, पण तो शेवटचा दिवस नाही. रविवारी पहाटे मग्दालिया मरीया कबरेपाशी रडत उभी होती. उठलेला प्रभू तिच्यासमोर होता, पण तिला तो बागेचा माळी वाटला. त्याने तिला नावाने हाक मारली तेव्हा तिने ओळखले. डोळ्यांत पाणी असलेल्या माणसाला आशा चटकन ओळखू येत नाही, आणि त्याबद्दल तिला कोणी बोल लावला नाही.

हे सारे शास्त्र झाले. माणसाच्या आयुष्यात ते उतरते कसे, हे पाहण्यासाठी महाराष्ट्राला दूर जावे लागत नाही.

झाशीजवळच्या काशीपुरा गावी १८२५ साली एका मराठी ब्राह्मण कुटुंबात नीळकंठशास्त्री गोऱ्हे जन्मले. काशीत त्यांनी शास्त्रांचे अध्ययन केले, पाद्र्यांचे खंडन करण्यासाठी बायबल हाती घेतले, आणि १८४८ साली स्वतःच बाप्तिस्मा घेतला. पुढे काही वर्षांनी त्यांची पत्नी तान्ही मुलगी मागे ठेवून वारली. ती मुलगी एलेन लक्ष्मी परक्या घरी, परक्या देशात वाढली. मोठेपणी ती भारतात परतली, सेवाकार्यात राहिली, आणि तिची इंग्रजी भजने ख्रिस्ती जगात गायिली गेली. गोऱ्हे यांचा तर्क कठोर होता आणि राहणी त्याहून कठोर. त्यांच्या लेखनाने पुढे ज्या एका व्यक्तीच्या मनाला वळण दिले, तिच्या वाट्याला दुःख मोजून आले नव्हते. ती व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातील गंगामूळ येथील रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकमताला न जुमानता पत्नीला संस्कृत शिकविले, आणि त्या आईने मुलीला. घर सुटले आणि हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थांमागून तीर्थे हिंडू लागले. मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. मजुरी करण्याचे शिक्षण नाही, भीक मागण्याची लाज, अशा कोंडीत सापडलेल्या त्या घरातील वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. आईचे प्रेत उचलायला माणसे मिळेनात. अखेर दोघे जण कळवळून पुढे आले, आणि चौथी खांदेकरी म्हणून रमाबाई तिरडीला लागल्या. उंची कमी पडली म्हणून त्यांनी तिरडीचा दांडा डोक्यावर धरला. त्या वेळी त्यांचे वय सोळा-सतरा वर्षांचे होते.

पुढे भाऊ श्रीनिवास यांच्यासह हजारो मैलांची पायपीट करीत त्या कलकत्त्याला गेल्या. १८७८ साली तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, १८८१ मध्ये मनोरमा जन्मली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पती पटकीने दगावले. तेवीस वर्षांच्या वयात रमाबाईंनी आईबाप, बहीण, भाऊ आणि पती असे सारे आप्त गमावले होते. कडेवर एक मूल तेवढे उरले होते.

येथे एक सोपी गोष्ट रचण्याचा मोह होतो. दुःखाने पिचलेली विधवा, आणि तिला आधार देणारा नवा धर्म! तथापि घडले ते असे नाही. पतीच्या मृत्यूनंतर रमाबाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिली, आणि शिक्षणासाठी १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तेथे फुलहॅम येथे त्यांनी एक आश्रम पाहिला. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांची काळजी तेथे धर्मभगिनी मायेने घेत होत्या. असे करण्याची प्रेरणा यांना कोठून मिळाली, हे कुतूहल रमाबाईंच्या मनात जागे झाले. उत्तरादाखल त्यांना विहिरीपाशी येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. आपल्या सांत्वनाचा शोध त्यांनी प्रथम घेतला नाही. दुसऱ्यांच्या दुःखाला हात घालणारी शक्ती कोणती, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. त्या शोधातून त्या श्रद्धेपाशी आल्या.

तेथेही मृत्यूने पाठ सोडली नाही. इंग्लंडला सोबत आलेल्या आनंदीबाई भगत या मैत्रिणीने वाँटेज येथे आत्मघात केला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या या निर्णयाने महाराष्ट्रात मोठे वादळ उठले, आणि त्या वादातले सगळे आक्षेप वावगे होते असेही नाही. रमाबाईंनी स्वतः पुढे आपल्या साक्षीत लिहिले, की बाप्तिस्मा झाला तरी मनाला हवी असलेली शांती तत्काळ मिळाली नाही. ती पुष्कळ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास लाभली. ही कबुली फार मोलाची आहे. आशा ही विधीबरोबर मिळणारी वस्तू नव्हे, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच कोणी सांगितले असेल.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत सुरू केलेले शारदा सदन त्या वेळी पुण्यात होते. ज्या दुष्काळाने आपले आईबाप नेले त्याचेच हे दुसरे रूप आहे, हे त्यांनी ओळखले, आणि त्या दुष्काळी भागात गेल्या. तेथून त्यांनी शेकडो मुली आणि विधवा परत आणल्या. पुणे जिल्ह्यातील केडगावच्या माळावर ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० च्या गुजरात दुष्काळानंतर तेथील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या गेल्या, बागा लागल्या, हातमाग आणि छापखाना चालू झाला, आंधळ्या मुलींसाठी ब्रेल लिपी शिकविण्याची सोय झाली. सोळाव्या वर्षी आईची तिरडी उचलताना जिला माणसे मिळाली नव्हती, तिच्या दारात येणारी एकही मुलगी आता एकटी राहणार नव्हती.

आशेची शेवटची परीक्षा अद्याप व्हायची होती. मनोरमा आईच्या कामाची वारस होती; शारदा सदनाची धुरा तिनेच वाहिली होती. २४ जुलै १९२१ रोजी चाळिशीतील मनोरमा वारली. रमाबाईंचे वय तेव्हा त्रेसष्ट होते, प्रकृती खालावलेली होती, आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून साध्या बाया-मुलींना कळेल अशा मराठीत बायबल आणण्याचे काम चालू होते. ते काम त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. त्यांचे मराठी बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. लेकीच्या मृत्यूनंतर त्या आईने आठ महिने अक्षरांवर मान वाकविली. त्या आठ महिन्यांत तिला रडू आले नसेल असे मानण्याचे कारण नाही. रडू आणि काम ही दोन्ही एकाच दिवसात मावतात, एवढे मात्र तिने दाखविले.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण याहून घरगुती आहे. पती नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांच्यावर जिवंतपणीच वियोगाची पाळी आली. पाच वर्षांनी त्याही त्या श्रद्धेत आल्या. १९१९ मध्ये टिळक वारले, आणि ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचा उरलेला मोठा भाग स्वतः रचून ते पूर्णत्वास नेले. याच वैधव्याच्या काळात त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. दारिद्र्य, वियोग, मुलांचे मृत्यू, सारे त्या पुस्तकात आहे, आणि तरीही ते वाचताना वाचक खळखळून हसतो. ज्याला आशा उरली नाही त्याला असा विनोद साधत नाही. कडू माणूस दुसऱ्याला हसतो. लक्ष्मीबाई मुख्यतः स्वतःला हसतात.

या दोन स्त्रियांमध्ये समान असे काय आहे? दोघींनीही आपले दुःख नाकारले नाही. दोघींनीही मृत माणसांना देवाच्या हाती सोपविले, आणि जिवंतांना आपल्या हाती घेतले. पुनरुत्थानाची आशा म्हणजे आपली माणसे पुन्हा भेटतील हा विश्वास. तो त्यांच्या ठायी होताच. पण त्या विश्वासाचा परिणाम असा झाला, की भेटीच्या त्या दिवसापर्यंतचा काळ त्यांना निरुपयोगी वाटला नाही. प्रेम वाया जात नाही असे ज्याला मनापासून वाटते, तोच पुन्हा प्रेम करण्याचे धाडस करतो. शोकाने माणसाचे हृदय दोन तऱ्हांनी फुटते. कधी त्याच्या कपच्या होऊन त्या इतरांना टोचतात. कधी ते ढेकळासारखे फुटते, आणि त्यात दुसऱ्याच्या दुःखाचे बी रुजायला जागा होते. मुरारच्या त्या तरुण विधवेच्या बाबतीत पहिले घडले, केडगावच्या विधवेच्या बाबतीत दुसरे. दोघींचा धर्मग्रंथ एकच होता.

म्हणूनच सांत्वनाला जाणाऱ्या माणसाची जबाबदारी मोठी आहे. बायबलातील ईयोबाची कथा या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाला भेटायला त्याचे मित्र आले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले. तोवर सारे ठीक होते. नंतर ते बोलू लागले, दुःखाची कारणे सांगू लागले, आणि कथेच्या शेवटी देवाचा रोष त्यांच्यावर झाला. तक्रार करणाऱ्या ईयोबावर झाला नाही. ‘देवाची इच्छा’, ‘त्याला देवाघरची ओढ लागली होती’, ‘रडू नका, तुमची श्रद्धा कोठे गेली’ ही वाक्ये तोंडातून निघण्यापूर्वी या मित्रांची आठवण व्हावी. शोक करणाऱ्याला पहिल्या आठवड्यात तत्त्वज्ञान नको असते. त्याच्या घरी चूल पेटत नाही, तेथे भाकरी पोहोचती करणे हे प्रवचनापेक्षा अधिक ख्रिस्ती कृत्य आहे.

मंडळीच्या जुन्या चालीरीतींत हे शहाणपण साठविलेले आहे. मृत्यूच्या घरी सगेसोयरे आणि मंडळीची माणसे जमून भजने गातात. ज्याचा कंठ दाटला आहे त्याच्याऐवजी इतरांचे कंठ तेवढा वेळ गातात. नोव्हेंबरच्या दोन तारखेला पुष्कळ ख्रिस्ती लोक कबरी झाडून स्वच्छ करतात, फुले वाहतात आणि मेणबत्त्या लावतात. कित्येक ठिकाणी पुनरुत्थानाच्या दिवशी भल्या पहाटे दफनभूमीतच उपासना होते. काळोख असताना माणसे कबरींमध्ये येऊन उभी राहतात आणि उजाडेपर्यंत गातात. मृत्यूचा मुलूख चुकवून आशेकडे जाण्याचा मार्ग नाही, हे त्या उपासनेत शब्दांवाचून कळते.

ज्याच्या घरी आज शोक आहे, त्याच्यापुढे ही सारी उदाहरणे ओझे म्हणून टाकू नयेत. प्रत्येकाला मुक्ती सदन उभारता येत नाही आणि प्रत्येकाला महाकाव्य पुरे करता येत नाही. पण रमाबाईंनाही आरंभी मोठे काही करता आले नव्हते. पतीच्या मृत्यूनंतर त्यांच्यापुढे एक लहान मूल होते, आणि त्याला दूध पाजायचे होते, एवढेच. ख्रिस्ती श्रद्धा शोकाकुल माणसाकडे यापेक्षा अधिक मागत नाही. त्याने रडावे, देवाला विचारायचे ते विचारावे, आणि जवळ जे कोणी भुकेले असेल त्याच्यासाठी उठावे. बाकीचा भार वाहणारा दुसरा कोणी आहे, अशी तिची ग्वाही आहे. आणि त्या ग्वाहीवर विसंबून या महाराष्ट्रात माणसे जगून गेली आहेत.